शेवट बदलताना : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या अखेरच्या पानाचं प्रकरण

चार्ल्स डिकन्सने ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ लिहून संपवली ११ जून १८६१ रोजी. त्याच आठवड्यात तो एडवर्ड बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राकडे नेबवर्थला मुक्कामाला गेला. लिटनने मुद्रितं वाचली आणि हा शेवट बदलच, असा आग्रह धरला. २४ जूनला डिकन्सचं लिटनला पत्र गेलं, तेव्हा नवा शेवट लिहून झाला होता. जुना शेवट जेमतेम तीनशे शब्दांचा होता, नवा त्याच्या तिपटीच्या घरात. आज दुकानात मिळणारी जवळपास प्रत्येक प्रत नव्या शेवटाची असते. जुना शेवट असलाच तर परिशिष्टात.

कुठला शेवट सरस यावर लोक दीडशे वर्षं भांडत आहेत, आणि ते भांडण मजेचं आहेच. पण कथा लिहिणाऱ्याला किंवा संपादन करणाऱ्याला या प्रकरणात दुसरंच काही सापडतं. मुद्रितं हातात आल्यावर कादंबरीचं शेवटचं पान काढून दुसरं लावायचं, तर मागचं काय हलवावं लागतं, काय हलवताच येत नाही, आणि जोड कुठे उघडा पडतो, हे इथे शब्दाशब्दाने तपासता येतं. दोन्ही पाठ उपलब्ध आहेत.

कादंबरी अशा कोंडीत सापडली ती तिच्या छपाईच्या पद्धतीमुळे. डिकन्सच्या डोक्यात आधी वीस मासिक भागांची मोठी कादंबरी होती, म्हणजे त्याचा नेहमीचा आकार. पण १८६०च्या ऑगस्टपासून त्याच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात चार्ल्स लीव्हरची कादंबरी क्रमशः सुरू होती आणि वाचकांना ती रुचत नव्हती. खप उतरू लागला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कचेरीत तातडीची बैठक झाली आणि डिकन्सने आपलीच नवी कादंबरी साप्ताहिकात लावायचं ठरवलं. पहिला भाग आला १ डिसेंबर १८६०ला, शेवटचा ३ ऑगस्ट १८६१ला. एकूण ३६ आठवडे, ३६ भाग, अंकाची किंमत दोन पेन्स.

साप्ताहिक भागाचा हिशेब कडक असतो. संपूर्ण कादंबरी पावणेदोन ते दोन लाख शब्दांच्या दरम्यान आहे. ३६ने भागलं तर आठवड्याला पाच हजारांच्या आसपास शब्द. मासिक भागात लेखकाला मोकळं फिरता येतं, दोन उपकथानकं रेंगाळली तरी चालतात. इथे दर शनिवारी काहीतरी घडलंच पाहिजे आणि पुढच्या शनिवारसाठी काहीतरी अडकून राहिलं पाहिजे. ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः लिहिणाऱ्या हरिभाऊ आपट्यांना हा जाच पुरेपूर ठाऊक असणार. डिकन्सने त्यावर तोडगा काढला तो आखणीचा. कादंबरीचा नायक पिप याच्या ‘आशां’चे तीन टप्पे, प्रत्येकाला बारा आठवडे. पहिला टप्पा १९व्या प्रकरणाशी संपतो, दुसरा ३९व्या, तिसरा ५९व्या. पुस्तकाचे तीन खंडही याच सांध्यांवर पडतात. मॅग्विच हा कैदी परत येऊन पिपला ‘तुझा उपकारकर्ता मीच’ म्हणतो तो धक्का ३९व्या प्रकरणात, म्हणजे दुसऱ्या खंडाच्या अगदी शेवटी. हा योगायोग नव्हे.

तिसऱ्या टप्प्याच्या त्याच्या टिपणांत पात्रांची वयं मांडलेली आहेत, भरती-ओहोटीच्या वेळांचं टिपण आहे. मॅग्विचला होडीतून पळवून नेण्याचं प्रकरण चुकू नये म्हणून २२ मे १८६१ला त्याने चक्क एक आगबोट भाड्याने घेऊन ब्लॅकवॉल ते साउथएंड असा थेम्सवरून दिवसभराचा प्रवास केला. सोबत घरची माणसं नि मित्र. त्यांना वाटलं सहल आहे. एवढी तयारी करणाऱ्या माणसाने शेवट मात्र घाईत लिहिला असेल, हे पटत नाही. जुना शेवट नीट विचार करून लिहिलेला होता, हे गृहीत धरूनच पुढे जायला हवं.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पिप हा अनाथ मुलगा, बहिणीकडे आणि तिच्या लोहार नवऱ्याकडे, म्हणजे जोकडे, वाढतो. लहानपणी दलदलीतल्या दफनभूमीत भेटलेल्या मॅग्विच नावाच्या पळालेल्या कैद्याला तो खायला आणून देतो. मिस हॅविशॅम ही लग्नाच्या दिवशी फसवली गेलेली बाई. घरातली घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबवून ती सॅटिस हाउसमध्ये कुजत बसली आहे. पुरुषांची हृदयं मोडायला तिने एस्टेला ही मुलगी वाढवली आहे. पिप एस्टेलाच्या प्रेमात पडतो. अज्ञात माणसाच्या पैशाने तो लंडनमध्ये ‘जंटलमन’ होतो. पैसा हॅविशॅमबाईंचा नसून कैद्याचा निघतो. एस्टेला बेंटली ड्रमल या आडदांड श्रीमंताशी लग्न करते. ती मॅग्विचचीच मुलगी असल्याचं पिपला कळतं. सगळं गमावून पिप परदेशी नोकरीला जातो. वर्षांनी परततो तेव्हा जो आणि बिडी यांच्या घरात त्याच्याच नावाचा छोटा पिप खेळतो आहे.

इथून दोन वाटा फुटतात.

जुन्या शेवटात ५९वं प्रकरण नव्हतंच. ५८व्यातच सगळं आवरलं होतं. एस्टेलाची हालहवाल पिपला कळते ती ऐकीव: नवऱ्याने छळलं, दोघं वेगळी झाली, घोड्याला मारताना झालेल्या अपघातात नवरा मेला, मग तिने श्रॉपशरच्या एका डॉक्टरशी लग्न केलं. हा डॉक्टर एकदा ड्रमलवर उपचार करत असताना तिच्यावरचा अत्याचार पाहून मध्ये पडला होता. फारसा पैसेवाला नाही, दोघं तिच्याच पैशावर राहतात. मग एके दिवशी लंडनच्या पिकॅडिलीत छोट्या पिपला घेऊन चालताना एक नोकर मागून धावत येतो: बाईसाहेब बोलावताहेत. लहानशा घोडागाडीत एस्टेला. ती म्हणते, मी फार बदलले आहे, पण एस्टेलाशीही हात मिळवायला तुला आवडेल असं वाटलं. त्या गोड मुलाला वर उचल, मला त्याचा पापा घेऊ दे.

आणि मग कंसातलं एक वाक्य. ते मूल माझंच आहे असा तिचा समज झाला असावा, असं पिप सांगतो. बस, एवढंच. तो तिला दुरुस्त करत नाही. ‘हा माझा नाही, जोचा’ हे चार शब्द बोलायला रस्त्यात वेळ होता. तो बोलला नाही. संपूर्ण कादंबरीभर पिपच्या मनात एस्टेलाने आपल्याला कसं पाहावं याचीच तडफड आहे, आणि शेवटी ती त्याला चुकीच्या रूपात, संसारी गृहस्थ म्हणून, पाहते, आणि तो तसाच राहू देतो. कंसातलं हे वाक्य काढून टाका, जुना शेवट बातमीपत्र होतो. ते ठेवा, आणि तो डिकन्सने लिहिलेल्या उत्तम जागांपैकी एक ठरतो.

मग अडचण काय होती? पहिली, डॉक्टर. कादंबरीच्या अखेरच्या पानावर नवं पात्र, तेही नायिकेचा नवरा म्हणून, आणि त्याची ओळख करून द्यायला दोन-तीन वाक्यं. ‘मी ऐकलं होतं’, ‘मी ऐकलं होतं’ अशी वाक्यं रांगेने येतात. दर शनिवारी डोळ्यांपुढे घडणारं वाचायची सवय झालेल्या वाचकाला शेवटी गावगप्पांसारखा सारांश मिळतो. दुसरी अडचण जागेची. दलदल, भट्टी, सॅटिस हाउस या तीन जागांवर कथा उभी आहे. पिकॅडिली यांतली कुठलीच नाही. तिसरी अडचण मात्र खरी जड होती, आणि ती डिकन्सने स्वतःच निर्माण केली होती. ५६व्या प्रकरणात मरणाच्या दारातल्या मॅग्विचला पिप सांगतो की तुझी मुलगी जिवंत आहे, देखणी आहे, आणि माझं तिच्यावर प्रेम आहे. मरणाऱ्याच्या कानात सांगितलेलं वाक्य वाचक विसरत नाही. जुन्या शेवटाने त्या वाक्याकडे पाठ फिरवली होती.

लिटनला हे कुठवर दिसलं ते बाजूला ठेवू. त्याने दिलेली कारणं पटण्यासारखी होती असं डिकन्सने मित्रांना कळवलं. एवढं मात्र खरं की ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ संपल्याच्या पुढच्याच आठवड्यात, १० ऑगस्टला, त्याच साप्ताहिकात लिटनची स्वतःची ‘अ स्ट्रेंज स्टोरी’ सुरू होणार होती. आधीच्या पाहुण्याने मैफल उदास करून सोडावी असं कुणाला वाटेल? (याच लिटनचे चिरंजीव पुढे व्हाइसरॉय होऊन आपल्याकडे आले आणि १८७८मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा करून गेले. घराण्याचा हात मजकुरावर फिरायचा तो असा.)

आता डिकन्सच्या हातात काय होतं ते पाहा. १५ जूनच्या शनिवारी २९वा भाग बाजारात आला होता. म्हणजे ३६पैकी २९ भाग वाचकांच्या घरी पोचलेले. त्यांतला एक स्वल्पविरामही हलणार नव्हता. तीन खंडांचं पुस्तक चॅपमन अँड हॉल ६ जुलैला काढणार होते, मालिका संपण्याच्या जवळजवळ महिनाभर आधी. किंमत साडेएकतीस शिलिंग, गिऱ्हाईक मुख्यतः फिरती वाचनालयं. मागे जाऊन नवी बीजं पेरणं शक्यच नव्हतं. जे आधीच पेरलेलं आहे त्यातूनच नवा शेवट उगवायला हवा होता.

शेवट बदलणाऱ्या कुणाही लेखकाने पहिल्यांदा हेच करावं: नवं सुचवण्याआधी मागची पानं चाळून वापराविना पडलेला माल शोधावा. डिकन्सला तो सापडला.

५८व्या प्रकरणात सॅटिस हाउसचा लिलाव पुकारला गेला होता. इमारत जुनं सामान म्हणून विकून पाडायची होती. म्हणजे वाडा गेला तरी जागा उरते. नवा प्रसंग तिथेच घडतो: वाडा नाही, मद्याची भट्टी नाही, जुन्या बागेची भिंत तेवढी उभी आहे. त्या मोकळ्या जागेत संध्याकाळी धुक्यात एक आकृती दिसते. एस्टेला म्हणते की ही जमीन तेवढी मी सोडली नव्हती, आता इथेही बांधकाम होणार. जागेला कारण मिळालं आणि तिला तिथे असायलाही.

दुसरा माल धुक्याचा. १९व्या प्रकरणाच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, शेवटच्या ओळीत पिप गाव सोडतो तेव्हा धुकं वर उठलेलं असतं आणि जग त्याच्यापुढे पसरलेलं असतं. ५९व्या प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यात डिकन्स ते धुकं नाव घेऊन परत आणतो: लोहाराची भट्टी सोडली तेव्हा सकाळचं धुकं उठलं होतं, तसं आता संध्याकाळचं उठत होतं. पहिल्या खंडाची अखेर तिसऱ्या खंडाच्या अखेरीला येऊन जोडली गेली. नवा शेवट मागाहून चिकटवलेला असूनही मुळातला वाटतो तो या एका ओळीमुळे.

आता सांधा. तो दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही पाहण्यासारखे आहेत.

बिडी पिपला विचारते, एस्टेलासाठी तू झुरत नाहीस ना? डिकन्सचा चरित्रकार मित्र जॉन फॉर्स्टर नोंदवतो की मूळ उत्तर होतं ‘झुरत नाही, अगदी नक्की’ अशा अर्थाचं. ते बदलून पुढे झालं, ‘छे, नसावं असं वाटतं, बिडी.’ जुन्या शेवटाला ठाम उत्तर हवं होतं, कारण पुढे फक्त हस्तांदोलन होतं. नव्या शेवटात पिप त्याच संध्याकाळी जुन्या बागेत जाणार आहे. इतकं ठाम बोललेला माणूस तासाभरात तिथे गेला तर खोटारडा ठरेल. म्हणून उत्तर सैल केलं. संपादनातली ही फार नेहमीची चूक असते: शेवट बदलतात आणि त्याआधीच्या पानावरचं ठाम वाक्य तसंच राहून जातं. मग वाचकाला काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

लगेच पुढे पिप म्हणतो की ते बिचारं स्वप्न आता सरलं. हे वाक्य राहिलं. त्याला जोडून आता एक वाक्य येतं: तरीही हे बोलत असतानाच मला ठाऊक होतं की तिच्यासाठी आज संध्याकाळी एकट्याने त्या जुन्या जागी जायचं माझ्या मनात आहे. ही खरी बिजागरी. एका ‘तरीही’वर दार विरुद्ध दिशेला उघडतं. पण कुरकुर ऐकू येतेच. कारण याच्या थोडं आधी पिपने बिडीला सांगितलं आहे की मी आता पक्का म्हातारा ब्रह्मचारी झालो आहे, लग्नाचं काही दिसत नाही. ते वाक्यही तसंच ठेवलं. चूक म्हणावं तर नाही. पुढच्या धूसर शेवटाला ते सोयीचंच पडतं.

नव्या शेवटाचा कमकुवत भाग मात्र झाकता येत नाही. वर्षानुवर्षं न भेटलेली दोन माणसं एकाच संध्याकाळी, एकाच पडक्या बागेत. एस्टेला म्हणते की मी इथे येत नाही, पण आज आले. पिपही तेच म्हणतो. योगायोग दोन्ही शेवटांत आहे. पिकॅडिलीतला योगायोग खपून जातो, कारण गजबजलेल्या रस्त्यावर कुणीही भेटतं. ओसाड जागी तो ठसठशीत होतो. दुसरं, एस्टेलाचं बदलणं आपल्याला घडताना दिसत नाही. वाकले, मोडले, पण बहुधा बऱ्या आकारात आले, असं ती स्वतःच सांगते. जुन्या शेवटातही बदल ऐकीवच होता. म्हणजे या रोगावर औषध दोन्हीकडे नाही. त्यासाठी मधली प्रकरणं बदलायला हवी होती आणि ती छापून गेली होती.

लिटनला पाठवलेल्या पत्रात डिकन्स एक उपयोगी गोष्ट लिहून गेला आहे. गुंडाळून ठेवलेला धागा पुन्हा उलगडायला घेतला की फार काम करायचा, प्रमाण बिघडवायचा मोह होतो. म्हणून जितक्या थोड्या शब्दांत जमेल तितक्यात उरकलं, असा त्याचा आशय. मोह काय असू शकत होता याची कल्पना करता येते: लग्न, मुलं, जोच्या घरी जेवण. त्याने प्रसंग एका बाकावर आणि एका संवादात बंद केला. फॉर्स्टरला १ जुलैला लिहिताना, या बदलाने कथा लोकांना अधिक रुचेल यात शंका नाही, असंही तो म्हणाला. फॉर्स्टरला मात्र जुना शेवटच अधिक बरोबर वाटत होता. डिकन्स गेल्यावर १८७४मध्ये चरित्राच्या तिसऱ्या खंडात त्याने तो छापला, तेव्हा कुठे जगाला त्याचा पत्ता लागला. पुढे १९३७मध्ये बर्नार्ड शॉने प्रस्तावना लिहिलेल्या आवृत्तीत जुना शेवट कादंबरीच्या जागी परत आला.

राहता राहिलं ते शेवटचं वाक्य. आणि सगळा खेळ त्यातच आहे.

त्याआधीचं संवादातलं अखेरचं वाक्य एस्टेलाचं आहे. पिप म्हणतो, आपण मित्र आहोत. ती म्हणते, आणि दूर राहूनही मित्रच राहू. म्हणजे तिने निरोप घेतलेला आहे. मग पिप तिचा हात हातात घेतो, दोघं त्या पडक्या जागेतून बाहेर पडतात, धुकं उठतं, आणि त्या शांत उजेडात पिपला काय दिसलं ते सांगितलं जातं. या वाक्याचे तीन पाठ आहेत. हस्तलिखितात आणि मुद्रितात: तिच्यापासूनच्या ताटातुटीची सावली दिसली नाही, एक सोडून. हे ‘एक सोडून’ छापताना गेलं. १८६१च्या मालिकेत आणि पुस्तकात: तिच्यापासूनच्या कुठल्याही ताटातुटीची सावली दिसली नाही. १८६२च्या एकखंडी आवृत्तीपासून: तिच्यापासून पुन्हा ताटातूट होईल अशी सावली दिसली नाही.

हस्तलिखितातली ‘एक’ ताटातूट म्हणजे मृत्यू, असंच सहसा वाचलं जातं. म्हणजे ती दोघं जन्मभर एकत्र राहिली, हे जवळपास सांगूनच टाकलं होतं. १८६१चा पाठ ते ‘एक सोडून’ गाळून थोडं मागे सरतो. १८६२चा पाठ सगळ्यांत निसरडा. तिथे पिप फक्त त्या संध्याकाळी आपल्याला काय दिसलं तेवढं सांगतो. त्याला सावली दिसली नाही. ती नव्हती असं तो म्हणत नाही. आणि पिपला समोरचं दिसत नाही, हे तर आपण ५८ प्रकरणं पाहत आलो आहोत. उपकारकर्ता हॅविशॅमबाई आहेत असंही त्याला स्वच्छ दिसत होतंच की! शिवाय हे सगळं तो बऱ्याच वर्षांनी मागे वळून लिहितो आहे आणि अख्ख्या निवेदनात एकदाही एस्टेलाचा उल्लेख ‘माझी बायको’ असा करत नाही. लिटनला हवा होता तो सुखान्त डिकन्सने दिला, आणि वर्षाभरात त्याचाच एक टाका हळूच उसवून ठेवला. आमच्या मते या सगळ्या उलाढालीतला सर्वांत हुशार बदल तोच.

मराठीत हे वाक्य आणताना दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘आम्ही पुन्हा कधीच वेगळे झालो नाही’ असं लिहिलं की निकाल लागला, संदिग्धता संपली. क्रियापद ‘दिसली नाही’ हेच ठेवायला हवं, कारण सगळा भरवसा पिपच्या डोळ्यांवर सोपवलेला आहे. दुसरी गफलत ‘पुन्हा’ची. मराठी कानाला तो शब्द तिथे इतका सहज वाटतो की मूळ पाठात नसतानाही लेखणीतून उतरतो, आणि १८६१च्या आवृत्तीचं भाषांतर करता करता वाक्य १८६२चं होऊन बसतं. भाषांतराला बसण्याआधी हातातली प्रत कुठल्या पाठाची आहे, ते शेवटचं पान उघडून पाहून घ्यावं.